यमुनाची पिल्लं

"मॅडम, लवकर चला. तिनं जाळीवरच पिल्लं टाकलीत."

यमुना शिंगाडे माझ्या खोलीच्या दारात उभी होती. नुकतंच उजाडलं होतं, माळावर धुकं होतं, आणि ही पोरगी धावत आल्यामुळं धापा टाकत होती. मी चपला अडकवल्या आणि तिच्या मागोमाग निघाले.

माण भागातल्या उघड्या माळावर एका संस्थेचं पशुसंवर्धन पदविकेचं विद्यालय होतं. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी तिथं शिकवायला लागले होते. शिकवणाऱ्यांत बाई म्हणून मी एकटीच, त्यामुळं मुलींचं वसतिगृहही माझ्याच गळ्यात. गाई, शेळ्या, कोंबड्या होत्या आणि पत्र्याच्या एका शेडमध्ये ससे. त्यातली एक पांढरी मादी पहिलटकरीण होती.

सशाची मादी विण्याआधी आपल्याच छातीचे केस उपटून पिल्लांसाठी गादी करते. हिनं एक केस उपटला नव्हता. आम्ही ठेवलेल्या पेटीत ती गेलीच नाही. उघड्या जाळीवर पिल्लं टाकून कोपऱ्यात तोंड करून बसली होती. बोटाएवढी, बिनकेसांची, गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेले. काही जाळीतून खाली लेंड्यांत पडलेली. दोन-तीन तर गार पडली होती. यमुनानं खाली बसून एकेक वेचलं आणि ओढणीत घेऊन पोटाशी धरलं.

मी मादीला मांडीवर उताणं घेतलं आणि पिल्लं तिच्या आचळांना लावून बघितली. तिनं अशी लाथ झाडली की माझ्या मनगटावर रक्त आलं. पुन्हा धरली, पुन्हा तेच. दुसऱ्या मादीखाली पिल्लं सरकवावीत, तर त्या वेळी दुसरी कुठली व्यालेली नव्हती.

मी यमुनाला स्पष्टच सांगितलं, की सशाचं दूध इतकं घट्ट असतं की वरच्या दुधावर ही पिल्लं सहसा जगत नाहीत. मनाला लावून घेऊ नकोस.

"मी बघते," ती म्हणाली.

यमुनाविषयी सांगायला हवं. वीस वर्षांची, धनगराची पोर, दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या वर्षी सगळ्या वर्गात तिचा आवाज मोठा. मस्तीत आलेला बोकड मुलगे धरायला कचरायचे, तो ही शिंगाला धरून आणायची. पावसाळ्याच्या तोंडावर ती घरी गेली ती गेलीच. कावीळ झाली असा निरोप आला. दिवाळी उलटून गेल्यावर परतली, तेव्हा चेहरा पांढराफटक, बोलणं तुटलेलं. भर दुपारी उन्हात सगळ्या मुली घामाघूम व्हायच्या आणि हिच्या अंगात जाड स्वेटर, वर ओढणी घट्ट गुंडाळलेली. कावीळ माणसाला पिळून काढते, असं मी मनाशी म्हटलं आणि तिला जड कामं लावू नका असं सांगून ठेवलं. त्यामुळं पिल्लं सांभाळायचं काम तिनं मागितलं, तेव्हा मला बरंच वाटलं. बसून करायचं काम, आणि पोरीचं मनही रमेल.

शेडच्या बाजूला पेंड-भुश्याची कोठी होती. तिथं खोक्यात कापूस घालून पिल्लं ठेवली. शेळीच्या दुधात साय आणि अंड्याचा बलक फेटायचा, कोमट करायचं, आणि बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब सोडायचं. पिल्लू पालथंच धरायचं; घाई केली की दूध श्वासात जाऊन ते तिथंच मरतं. पाजून झालं की ओल्या कापसानं पोटाखाली हलकं पुसायचं, त्याशिवाय पिल्लाला लघवी होत नाही. आई चाटून हेच करते. हे सगळं मी तिला एकदा दाखवलं, पुन्हा दाखवायची वेळ आली नाही. तिचा हात त्या कामात असा बसला की मी बघतच राहिले.

पण पिल्लं वाढेनात.

पोटं टम्म भरलेली असायची. उपाशी पिल्लाचं पोट खपाटीला जातं, कातडीला सुरकुत्या पडतात. इथं पोट भरलेलं आणि तरीही सुरकुत्या. अंगाला काहीच लागत नव्हतं. त्यातली काही एकेक करून गेली. यमुना ती शेडमागं पुरून यायची आणि उरलेल्यांपाशी बसायची.

एके दिवशी मी स्वयंपाकघरात सहज विचारलं, की सशांच्या पिल्लांसाठी दूध नीट मिळतंय ना. तिथल्या बाई म्हणाल्या, मिळतंय की, पण ती पोरगी ते शेडमधल्या मांजराला घालते, मी डोळ्यांनी बघितलंय. मला राग आला. मग ही पिल्लांना पाजते तरी काय? साखरेचं पाणी? पिल्लं मरतायत ती हिच्या या थेरांमुळं?

दुपारी बाकीची मुलं तासाला बसलेली असताना मी कोठीकडं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकलून आत पाऊल टाकलं.

यमुना भुश्याच्या पोत्यावर माझ्याकडं पाठ करून बसली होती. स्वेटर वर सरकवलेला. शेजारी पांढऱ्या कापडाची लांब पट्टी पडली होती, जखमेला बांधतात तशी. मांडीत स्टीलची वाटी होती. ती वाकून त्या वाटीत दूध काढत होती. स्वतःचं.

आवाज झाला तशी तिनं मान वळवली.

मी हजार वेळा जनावरांची बाळंतपणं केली होती. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरं ओढली होती. पण त्या क्षणी दाराची कडी हातात धरून मी नुसती उभी. काय बघतेय ते कळत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं. ती ओरडली नाही, स्वेटर खाली ओढायचीही तिनं घाई केली नाही. वाटी सांडू नये म्हणून आधी ती बाजूला ठेवली.

आणि मी पहिलं वाक्य बोलले ते असं:

"यमुना, माणसाचं दूध सशाला पातळ पडतं."

"ठाऊक आहे मॅडम," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

"मग?"

तिनं स्वेटर नीट केला. खोक्यातून एक पिल्लू उचललं, सिरिंज भरली, आणि माझ्यासमोर त्याला पाजायला लागली. बोलली ती त्या पिल्लाकडं बघतच.

"आई म्हणाली, छाती घट्ट बांध, चार दिवसांत आटंल. आटत नाही. पट्टी भिजते, स्वेटर भिजतो. दाटून आलं की ताप चढतो. मोरीत पिळून टाकायची मी. टाकल्यावर वरून पाणी ओतावं लागतं ना मॅडम. ते बघवत नव्हतं."

मी समोरच्या पोत्यावर बसले.

"मूल कुठंय?" मी विचारलं. ते जिवंत आहे की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं.

"घरी आहे. आईजवळ." पिल्लाच्या तोंडात आणखी एक थेंब सोडून ती म्हणाली, "भाऊ आहे माझा."

मला काही कळेना. ती मग सावकाश, एखाद्या मठ्ठ मुलाला समजवावं तसं सांगू लागली. पावसाळ्यात ती आणि तिची आई, दोघी बारामतीकडं मावशीच्या मळ्यात जाऊन राहिल्या होत्या. जाण्याआधीच आईनं गावात सांगून ठेवलं होतं, की या वयात मला दिवस गेलेत, लाज वाटते, बहिणीकडं बाळंत होऊन येते. हे सगळं बापानं ठरवलं आणि दसरा झाल्यावर तो मेंढरं घेऊन भोरकडं निघून गेला. बाळ जन्मलं, मुलगा झाला. आई त्याला पदराखाली घेऊन गावात आली आणि यमुना तिच्या मागून पिशवी घेऊन. बायका बघायला आल्या, तेव्हा यमुनानं त्यांना चहा केला.

"त्या म्हणाल्या, भाऊ झाला, ताई झालीस," ती म्हणाली. "मी हसले."

तो कोण, हे मी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढंही कधी नाही.

तिच्या हातातलं पिल्लू पिऊन झालं. तिनं ओल्या कापसानं त्याचं पोट पुसलं, खोक्यात ठेवलं आणि दुसरं घेतलं. माझ्या मनात आलं, हिचं मूल काय पितंय? मी तेच विचारलं.

"शेळीचं. पाणी घालून."

"पचतंय?"

तिचा हात थांबला. मग बाजारात भेटलेल्या गावच्या एका पाहुण्याचं तिनं सांगितलं. तो सहज बोलून गेला होता, की तुझ्या भावाला दूध पचंना, लई किडकिडा पडलाय, रात्रंदिवस नुसता रडतोय, तुझ्या आईचं काय खरं नाही या वयात.

"हे कधी कळलं तुला?"

"गेल्या बाजारी."

"आणि तू इथं बसून या..."

"मला घरी येऊ नको म्हणून सांगितलंय, मॅडम. ओढ लागंल म्हणून." मग ती त्या पिल्लाला बोटानं कुरवाळत म्हणाली, "ह्यांना तरी."

मी उठले. एवढंच म्हणाले, की चल, आत्ताची एसटी मिळेल. आई मला दारात उभं करणार नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मला तर करेल. अलका म्हणून तिच्या खोलीतली मुलगी होती, तिला बोलावून पिल्लं तिच्या ताब्यात दिली आणि साय घातलेलं शेळीचंच दूध पाजायचं असं बजावलं. अलकानं एकदा यमुनाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि खोकं जवळ ओढलं.

एसटीत यमुना खिडकीशी बसली. ओढणी घट्ट. फाट्यावर उतरून पायवाटेनं गेलो. वस्ती दिसायच्या आधी रडणं ऐकू आलं. तान्ह्या मुलाचं रडणं कसं टाहो फोडून असतं, तसं हे नव्हतं. बारीक, घासलेलं, मांजराच्या पिलासारखं, मध्येच थांबणारं. यमुनानं पाय उचलला. मला तिच्याबरोबर चालता येईना.

दगडी भिंतींचं, पत्र्याचं घर. अंगणात दोन शेळ्या बांधलेल्या. समोर थोड्या अंतरावर हापसा, तिथं बायका पाणी भरत होत्या. दाराशी गजराबाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. यमुनाची आई चाळिशीची, काटक. वाटीत दूध आणि हातात कापसाचा बोळा. बोळा बुडवून ती मुलाच्या ओठांवर पिळत होती आणि दूध गालावरून ओघळत होतं.

लेकीला बघून तिचा चेहरा उतरला. "तू कशाला आलीस?" ती दबक्या आवाजात म्हणाली, आणि मग माझ्याकडं बघून पदर सावरला.

मी ओळख सांगितली. म्हटलं, यमुना म्हणाली भाऊ आजारी आहे, म्हणून बघायला आले. तिनं आत घेतलं, घोंगडं टाकलं. मी मूल हातात घेतलं.

मी माणसांची डॉक्टर नाही. पण तहानलेलं, उपाशी पिल्लू कुठल्याही जातीचं असो, ते सारखंच दिसतं. चेहरा म्हाताऱ्यासारखा. टाळू खोल गेलेली. मांड्यांची कातडी लोंबत होती. वासराची बघतात तशी मी त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना.

मी गजराबाईला म्हटलं, की हे दवाखान्यात न्यायला हवं, आजच.

"नेलं की," ती म्हणाली. "बाटलीचं लिहून दिलं. त्येबी वकतंय. माझ्या अंगावर दूध न्हाई, मॅडम. वय झालंय." हे ती माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली. पाठ केल्यासारखं, पण न अडखळता. मी यमुनाकडं बघितलं.

ती भिंतीशी उभी होती. पुढं आली, माझ्या हातून मूल घेतलं आणि घराच्या मधोमध, दाराकडं तोंड करून, मांडी घालून बसली. ओढणी काढून बाजूला टाकली.

"यमे," गजराबाई दात आवळून म्हणाली. "आत जा. दार लाव आधी."

"नाही लावायचं."

"बायका हायत हापशावर. समदं दिसतंय."

"दिसू दे." यमुना पट्टी सोडत होती. आवाज चढलेला नव्हता, पण मला तो पहिल्या वर्षीची यमुना बोलल्यासारखा वाटला. "आज दार लावून पाजलं, तर उद्या परत तो तुझाच होईल, आई."

गजराबाईचा हात वर गेला. मारते की काय असं वाटून मी दचकले. हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला.

मुलाला आधी धरताच येईना. बोळ्याची सवय लागलेली, आणि ओढायला जीव नव्हता. ते तोंड फिरवायचं, तो घासलेला आवाज काढायचं. यमुनानं दोन थेंब त्याच्या ओठांवर पिळले, थांबली, पुन्हा पिळले. ती घाई करत नव्हती. हनुवटीखाली बोट लावून तिनं त्याचं तोंड वळवलं. मग एकदम आवाज थांबला. काही क्षण काहीच ऐकू येईना. आणि मग घुटका गिळल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग लागोपाठ.

मी भिंतीला टेकले. ती सशांची पिल्लं नसती तर हे दूध एव्हाना आटून गेलं असतं, हे मला तेव्हा सुचलं. तिला ठाऊक होतं की नव्हतं, कुणास ठाऊक.

पुढचं थोडक्यात सांगते. मुलाला त्याच संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, काही दिवस सलाइनवर ठेवावं लागलं, पण आईचं दूध त्याला मानवलं. त्याचं नाव बिरा ठेवलं. सशांच्या पिल्लांतली दोनच अलकाच्या हातून जगली. यमुना त्या वर्षी परत आली नाही. पुढच्या वर्षी आली ती आई आणि मूल दोघांना घेऊन, विद्यालयाजवळ खोली करून राहिली आणि परीक्षा देऊन पास झाली. बाप ज्येष्ठात मेंढरं घेऊन परतला. वर्षभर तो लेकीशी एक अक्षर बोलला नाही. नातवाशी मात्र पहिल्या दिवसापासून बोलत होता. गाव बोलायचं ते बोललं. दोन-तीन वर्षं लग्नकार्याचं बोलावणं त्या घराला आलं नाही. हे सगळं झालं.

पण त्या दुपारी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. घरात फक्त घुटक्यांचा आवाज होता. यमुनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. गजराबाई तिच्याकडं बघत उभी होती. मग ती उंबऱ्यावर जाऊन बाहेर तोंड करून बसली. हात मांडीवर रिकामे.

हापशावरची एक बाई घागर तिथंच टाकून लगबगीनं येताना दिसली. म्हातारी होती, शेजारची. तिचा चेहरा भ्यालेला होता. इतके दिवस ऐकू येणारं रडणं एकाएकी थांबलं होतं, आणि तिला वाटायचं तेच वाटलं होतं.

"गजरे," ती अंगणातूनच म्हणाली, "पोराचा आवाज बंद झाला गं. काय झालं?"

दाराला गजराबाईची पाठ आडवी होती. तिला म्हणता आलं असतं, झोपलंय. म्हातारी परत गेली असती.

"काय न्हाई झालं, सोनाकाकू," गजराबाई म्हणाली. "आईपाशी हाय."

म्हातारी जागच्या जागी थांबली. तिनं उंबऱ्यावर बसलेल्या गजराबाईकडं बघितलं, तिच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. मग नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, आता काय निघतंय म्हणून.

"वारं सुटलंय," सोनाकाकू शेवटी म्हणाली. "बाळंतिणीला गार लागंल."

आणि लुगडं सावरून ती गजराबाईच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. दार उघडंच होतं. दोघींनी मिळून ते भरून गेलं.